परिचारिकांच्या करारात परिचारिका कुठे?

निवृत्तीनंतर चंदापुऱ्यातल्या माझ्या घरी मुली करारपत्रं घेऊन येतात. कुणाला रियाधला जायचं असतं, कुणाला लिव्हरपूलला, कुणाला श्टुटगार्टजवळच्या एखाद्या गावात. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून मी बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात आले आणि होसूर रस्त्यालगतच्या या पट्ट्यातच माझी सगळी नोकरी झाली. आधी वॉर्ड, मग आयसीयू, शेवटी मेट्रन. त्यामुळे मुलींना वाटतं, या बाईंना कागद कळतात. मल्याळी मुली मला ‘मॅडम’ म्हणतात, चिकोडी-निपाणीकडच्या ‘काकू’. “काकू, पगार बरोबर लिहिलाय ना तेवढं बघा,” असं म्हणून त्या पगाराच्या आकड्यावर बोट ठेवतात.

मी कागद शेवटाकडून वाचते. नोकरी मध्येच सोडावी लागली तर किती भरायचे, राहायची खोली कुणाच्या मालकीची, ड्यूटी बदलायचा अधिकार कुणाला आणि भांडण झालं तर दाद कुठे मागायची. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक कागदांत एकच उत्तर असतं: मालकाकडे, नाहीतर ज्या एजन्सीने पाठवलं तिच्याकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती न्यायची. युनियनचा उल्लेख मला अशा कागदात क्वचितच आढळला आहे.

परिचारिका देशाबाहेर जाव्यात की नाही, हा वाद आता मला निरर्थक वाटतो. त्या जाणार, आणि त्यांनी जावं. घराचं कर्ज, भावाचं शिक्षण, स्वतःचं आयुष्य, यांतलं काहीही कारण पुरेसं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की परिचारिकांची ने-आण आता दोन सरकारांच्या करारांनी होऊ लागली आहे, आणि त्या करारांच्या टेबलावर परिचारिकांच्या संघटनेला खुर्ची नाही. ती मिळाल्याशिवाय असा एकही करार होऊ नये.

हे इथून, आनेकलमधून, जास्त स्पष्ट दिसतं. डॉ. देवी शेट्टी यांनी 2000 साली स्थापन केलेलं नारायण हृदयालय बोम्मसंद्रला उभं राहिलं, त्याच्या आगेमागे इतर रुग्णालयं आली, नर्सिंग कॉलेजं आली. कर्नाटकाइतकी नर्सिंग कॉलेजं देशात दुसऱ्या कुठल्या राज्यात नाहीत. केरळमधून मुली इथे शिकायला येतात आणि शिकून इथेच नोकरीला लागतात, कारण परदेशी मालकाला दोन वर्षांचा चांगला अनुभव लागतो, आयसीयूचा असेल तर उत्तम. त्या दोन वर्षांत त्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा नाहीतर जर्मनचा क्लास लावतात, नाइट संपवून तिकडे जातात, दुपारी झोपतात. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी लाइन बोम्मसंद्रपर्यंत आली तेव्हा या मुलींना सर्वांत मोठा आनंद याचा झाला की आता शहरातला क्लास गाठता येईल.

जॉइन होणाऱ्या मुलीचा पगार पीजीचं भाडं, मेस आणि शिक्षणकर्जाचा हप्ता यांत संपतो. तिने भांडावं असं कुणालाही वाटेल. ती भांडत नाही. मी इन्चार्ज असताना कितीतरी जणींना विचारलं, आणि उत्तर ठरलेलं: “मी दोन वर्षांत जाणार आहे, मॅडम. कशाला वाकडं घ्यायचं? रिलीव्हिंग लेटर कोण देईल मग?” व्यवस्थापनालाही हे ठाऊक असतं. जी जाणारच आहे तिच्यासाठी पगार वाढवायचा नसतो, तिच्या जागी पुढची बॅच असते. मग ती जाते. तिकडे पोचल्यावर तीच मुलगी म्हणते, मी नवीन आहे, व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर आहे, आत्ता कशाला बोलू? इथे ती जाणारी म्हणून गप्प, तिकडे आलेली म्हणून गप्प. नोकरीची ऐन उमेदीची वर्षं अशी कुठल्याच संघटनेत नसताना निघून जातात. आरोग्यसेवेतल्या स्थलांतराबद्दल बोलताना रुग्णांनी परिचारिका गमावली, एवढंच आपण मोजतो. युनियनने तिला दोनदा गमावलं, हे कुणी मोजत नाही.

याच रस्त्यावर बायकांनी भांडून जिंकलेलं मी पाहिलं आहे. केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर बंधनं आणली, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये बेंगळुरूच्या कापड कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि होसूर रस्ता बंद पडला. आमच्या रुग्णवाहिका अडकल्या होत्या आणि तरी आमच्या आया-मावश्या त्या बायकांच्या बाजूने बोलत होत्या, कारण त्यांच्याच बहिणी-भावजया तिथे होत्या. दोन दिवसांत सरकारने नियम मागे घेतला. पुढच्याच वर्षी, 2017 साली, आयटीतल्या मुलांनी केआयटीयू ही युनियन काढली; इलेक्ट्रॉनिक सिटीही आनेकल तालुक्यातच येते. शिवणयंत्रावरच्या बाईला जमलं, संगणकावरच्या मुलाला जमलं. व्हेंटिलेटरशेजारी उभी राहणारी मुलगी मागे राहिली, कारण तिचं मन विमानतळावर असतं आणि तिची मूळ प्रमाणपत्रं दुसऱ्याच्या कपाटात.

प्रमाणपत्रांचं मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत ओरिजिनल्स जमा करून घेतली होती आणि बाँड लिहून घेतला होता. वडील आजारी पडले तेव्हा ती सोडवून घ्यायला मी त्या ऑफिसच्या बाकावर बसून राहायची, आणि रोज उद्या या म्हणून सांगत. त्या काळी याला कुणी अन्यायही म्हणत नसे. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत केरळच्या एका तरुण परिचारिकेने जीव दिला, बाँड आणि प्रमाणपत्रांचाच जाच होता असं तिच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या मुली उठल्या. केरळात त्याच वर्षी युनायटेड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. संप झाले. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने म्हटलं, 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयातही 20,000 रुपयांपेक्षा कमी नको. शिफारस सगळ्या राज्यांसाठी होती. केरळात पुन्हा आंदोलन झालं, आणि एप्रिल 2018 मध्ये तिथल्या सरकारने 20,000 च्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. तोच कागद सगळ्या राज्यांच्या सचिवालयांत पोचला होता. फरक पडला तो दाराबाहेर कोण उभं होतं यामुळे.

कायद्याची गोष्टही बेंगळुरूशी जोडलेली आहे. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे का, म्हणजे परिचारिकेला कामगार कायद्याचं संरक्षण आहे का, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात दिलं. न्या. कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने रुग्णालयं, शिक्षणसंस्था, धर्मादाय संस्थासुद्धा उद्योगाच्या व्याख्येत आल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, आणि तिच्या व्याख्येतून प्रामुख्याने धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांनी चालवलेली ठिकाणं वगळली आहेत. आपल्याकडे किती मोठी रुग्णालयं ट्रस्टच्या नावावर चालतात हे वाचकांना वेगळं सांगायला नको. शिवाय देखरेखीचं काम करणारा आणि 18,000 रुपयांहून जास्त पगार घेणारा माणूस संहितेनुसार कामगारच नाही. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ड्यूटी लावते म्हणून तिला उद्या ‘सुपरवायझर’ ठरवलं तर तिने दाद कुठे मागायची? मला याची भीती वाटते, कारण वॉर्डात तरुण मुलींच्या पाठीशी कुणी उभं राहायचं असेल तर ती इन्चार्ज असते.

संघटन करण्याचं स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क यांबद्दलचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन पायाभूत करार, 1948 चा 87 क्रमांकाचा आणि 1949 चा 98 क्रमांकाचा, भारताने अजून मान्य केलेले नाहीत. आपल्या मुली परदेशात जाऊन युनियनला का घाबरतात, याचं मूळ इथे आहे. त्यांनी युनियन कधी पाहिलेलीच नसते.

आणि मग एजंट येतो. कायद्याने भरती करणारा एजंट उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक कर एवढीच फी घेऊ शकतो. प्रत्यक्षात मुली लाखांत सांगतात, आणि पावती कुणाकडेच नसते. 2015 साली कोचीत कुवेतच्या भरतीचा मोठा घोटाळा उघड झाला, त्यानंतर केंद्राने आखातासह 18 देशांसाठी परिचारिकांची भरती नॉर्का रूट्स, ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम आणला. ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड त्या 18 मध्ये नाहीत. तिकडे जाणारीची काळजी तिने स्वतःच घ्यायची. कर्ज माणसाला किती जखडून ठेवतं हे 2014 साली इराकच्या तिक्रीतमध्ये दिसलं. 46 भारतीय परिचारिका युद्धात सापडल्या होत्या, जुलैत त्या सुटून कोचीला पोचल्या. सुटकेआधी त्यांच्यातल्या काही जणी परत यायला कां-कूं करत होत्या, कारण पगार थकला होता आणि गावी सावकार वाट पाहत होता. बाहेर गोळीबार चालू असतानाही हप्त्याचा हिशेब डोक्यातून जात नाही.

जर्मनीचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगते, कारण आज सगळ्यांना जर्मनीच हवी असते आणि ही वाट नवी आहे असं त्यांना वाटतं. 1960 च्या दशकात चर्चच्या मार्फत केरळच्या मुली पश्चिम जर्मनीत परिचारिका म्हणून गेल्या. त्याच सुमारास दक्षिण कोरियातूनही हजारो गेल्या. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत मंदी आली आणि परवाने वाढवून देणं थांबलं. कोरियन परिचारिकांनी 1977 मध्ये सह्यांची मोहीम काढली, रस्त्यात उभ्या राहिल्या, जर्मन लोकांना आपल्या बाजूने वळवलं, आणि राहण्याचा हक्क मिळवला. मल्याळी परिचारिकांतल्या कितीतरी जणींना परतावं लागलं. राहिल्या त्यांनीही जिचं तिने निभावलं. काम दोघींनी सारखंच केलं होतं, रात्री सारख्याच जागल्या होत्या. एकीकडे संघटना होती.

आता पुन्हा तीच जर्मनी आपल्या दारात आहे. केरळच्या नॉर्का रूट्सने डिसेंबर 2021 मध्ये जर्मन रोजगार संस्थेबरोबर ‘ट्रिपल विन’ करार केला. त्यात प्रशिक्षणाचा आणि भरतीचा खर्च मालक उचलतो, ही मोठीच चांगली गोष्ट. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याबरोबर करार केला. 10,000 कुशल तरुणांना पाठवायचं ठरलं, आणि त्यात परिचारिका आघाडीवर होत्या. माझ्या बहिणीची नात सांगलीत जर्मन शिकायला लागली ती या बातमीनेच. मी त्या कराराला विरोध करत नाही. मी विचारते की त्याच्या देखरेखीला कोण आहे? 2013 साली जर्मनीने फिलिपिन्सबरोबर असाच करार केला, तेव्हा त्याच्या संयुक्त समितीत दोन्ही देशांच्या युनियनना जागा मिळाली: फिलिपिन्सची पीएसलिंक आणि जर्मनीची व्हेर्डी. मनिलात कागद लिहिताना आणि फ्रँकफर्टच्या वॉर्डात तक्रार झाल्यावर, दोन्हीकडे परिचारिकांच्या बाजूचं माणूस. जी गोष्ट जर्मनीने फिलिपिन्सला दिली ती मुंबईला किंवा बेंगळुरूला देताना तिला अडचण असायचं कारण नाही. आपण मागितली पाहिजे.

महाराष्ट्रात मागायला लोक आहेत. मे 2022 च्या अखेरीस शासकीय परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध बेमुदत संपावर गेल्या होत्या, हे मराठी वाचकांना आठवत असेल. ज्या संघटना ससून आणि जेजेच्या वॉर्डांसाठी लढतात त्यांनी बाडेन-व्युर्टेंबर्गच्या करारातली जागाही हक्काने मागावी. आमच्या जागा भरा ही मागणी आणि बाहेर जाणारीला संरक्षण द्या ही मागणी एकमेकींच्या विरोधात नाहीत. इथे जागा कंत्राटी होतात, म्हणूनच बाहेरचा रस्ता धरावा लागतो.

ब्रिटनमध्ये काय होतं ते माझ्या विद्यार्थिनी फोनवर सांगतात. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने संप केला, इंग्लंडच्या परिचारिकांचा इतका मोठा संप त्या संस्थेच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात पहिलाच. आमची एक मुलगी घाबरून दोन दिवस आजारपणाची रजा टाकायला निघाली होती. व्हिसा जाईल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. कायदेशीर संपातली गैरहजेरी व्हिसाच्या विरुद्ध धरली जात नाही, हे तिथल्या नियमांतच आहे. तिला ते युनियनच्या प्रतिनिधीने दाखवलं आणि ती थंडीत फलक घेऊन उभी राहिली. ज्या मुली वृद्धाश्रमांत केअरगिव्हर म्हणून गेल्या त्यांचं मात्र वाईट झालं. 2022 मध्ये त्यांच्यासाठी व्हिसा खुला झाला, मार्च 2024 मध्ये नवऱ्या-मुलांना आणायला बंदी आली, जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद झाली. मालकाचं लायसन्स रद्द झालं की 60 दिवसांत नवा मालक शोधायचा. त्यांच्यासाठी युनिसन ही युनियन लढते आहे. आयर्लंडमध्ये तर भारतीय परिचारिकांनीच पुढाकार घेऊन मायग्रंट नर्सेस आयर्लंड उभी केली आणि तिथल्या आयएनएमओ या जुन्या युनियनशी हात मिळवला. म्हणजे आपल्या मुलींना संघटन जमत नाही असं नाही. त्यांना ते विमान उतरल्यावर, ठेच लागल्यावर शिकावं लागतं. सौदी आणि अमिरातीत तर युनियनला परवानगीच नाही. तिथे जाणारीला जे काही बळ मिळायचं ते इथून निघतानाच मिळालं पाहिजे.

माझे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, रुग्णालयात युनियन आली की रुग्ण मरतो. मी त्यांना वॉर्ड दाखवते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक सांगतो, शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, आयसीयूत एकास एक. रात्री अडीच वाजता प्रत्यक्ष किती असतात हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. आपत्कालीन विभाग चालू ठेवून संप करता येतो, तसा तो केलाही जातो. अपुऱ्या माणसांनी रोज चालणाऱ्या रात्रींना मात्र नोटीस लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आपल्याच गावांत परिचारिका नसताना त्यांना बाहेर पाठवायला युनियनने का मदत करायची? जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता केली. तिच्या आधारे 2023 मध्ये 55 देशांची यादी काढली, जिथून भरती करताना विशेष जपायचं. भारत त्या यादीत नाही. पण देशाचा आकडा काढला की गडचिरोली आणि यादगीरसारखे जिल्हे बेंगळुरूच्या आकड्याखाली झाकले जातात. गडचिरोलीला परिचारिका हवी असेल तर तिथे कायम नोकरी, राहायला क्वार्टर आणि रात्री सुरक्षित रस्ता द्यावा लागेल. हे मागणारंही कुणीतरी लागतं, आणि बाँड लिहून घेऊन ते काम होत नाही. बाँडने बांधलेली मुलगी बाँड संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जाते.

म्हणून मी ठोस मागते. शिकत असतानाच, जीएनएमच्या किंवा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, मुलीला संघटनेचं सभासदत्व मिळावं आणि ते राज्य बदललं, देश बदलला तरी चालू राहावं. आज केरळची मुलगी कर्नाटकात आली की तिला नव्या राज्याच्या कौन्सिलची नोंदणी करावी लागते, आधीच्या कौन्सिलची एनओसी आणावी लागते, आणि ती महिनोन्‌महिने अडकते. 2023 च्या राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायद्याने देशभरची एकच नोंदवही यायची आहे. नोंदवही राज्याची हद्द ओलांडू शकते तर सभासदत्वही ओलांडू शकतं. इथल्या संघटनांनी युनिसन, आयएनएमओ, व्हेर्डी यांच्याशी लेखी करार करावेत, म्हणजे आनेकलची सभासद तिकडे उतरली की पहिल्या दिवसापासून तिथली सभासद. परदेशी जाण्यापूर्वीच्या सरकारी प्रशिक्षणात एक तास युनियनच्या प्रतिनिधीचा असावा. 1983 च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर 2025 मध्ये लोकांसमोर ठेवला. कायदा होताना त्यात हे सगळं लिहून घेण्याची वेळ आत्ताची आहे.

आणि महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्गच्या कराराची देखरेख करणाऱ्यांची नावं आणि हुद्दे जाहीर करावेत. त्या यादीत वॉर्डात काम केलेली एक तरी परिचारिका आहे का, हे सांगलीत जर्मन शिकणाऱ्या मुलींना निघण्याआधी कळलं पाहिजे. नसेल, तर परिचारिकांच्या संघटनांनी सुचवलेली दोन नावं त्या यादीत घालायला नवा कायदाही लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.